ऐकू न आलेली खरखर

गॅसचा प्रकार गुरुवारी झाला आणि रविवारी सकाळी दहा वाजता जयमाला सीवूड्सहून कोपरखैरण्याला येऊन थडकली. दारात चपला काढता काढताच तिनं विचारलं, "आप्पा कुठायत?"

"गॅलरीत बसलेत. चहा टाकते," सुनयना म्हणाली.

"चहा राहू दे. आधी मला सांगा, आप्पांना तारळ्याला पाठवायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?"

प्रश्न दोघांना होता, पण जयमाला भावाकडे बघत नव्हती. भावजयीकडे बघत होती.

"माझ्या," प्रसाद म्हणाला. "भैरूदादाशी बोललोय मी. त्याच्याकडे माणसं आहेत, दिवसभर कुणीतरी लक्ष ठेवील. इथे साडेसातला मी महाप्याला कामावर जातो, ही शाळेत शिकवायला जाते. आप्पा एकटे."

"दुकान बंद केल्यापासून एकटेच आहेत की. आत्ताच काय झालं?"

"फोनवर सांगितलं ना तुला, ताई."

"परत सांग."

मग सुनयनाच बोलली. "ऋताला ताप होता म्हणून तिला घरी ठेवलं. आप्पांना म्हटलं, लक्ष ठेवा. हो म्हणाले. अकराच्या सुट्टीत मी शाळेतून फोन केला. नुसता वाजत राहिला. पाच वेळा केला, ताई. मग शेजारी गोजराबाईंना केला. त्यांनी बेल मारली, दार वाजवलं, आणि त्यांना फटीतून वास आला. आपली चावी त्यांच्याकडे असते म्हणून बरं. आप्पांनी तापत ठेवलेलं दूध उतू जाऊन गॅस विझला होता, बटण चालूच. सहा वर्षांची पोर आत झोपलेली. आणि आप्पा गॅलरीत, मागचं दार लोटून, ट्रान्झिस्टरला स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ दातात धरून बसलेले."

"दातात?"

"दातात. हे मी पहिल्यांदा बघितलं नाही. टीव्हीलासुद्धा लावतात. मला आधी वाटलं काही दुरुस्त करतायत. पण नाही. डोळे मिटून नुसते बसतात."

जयमाला उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. आप्पा असे कधी नव्हते. वाशीच्या दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक खरखरता रेडिओ घेऊन पायरी चढायचं, तेव्हा आप्पा आतूनच सांगायचे, कंडेन्सर गेलाय, ठेवून जा.

"डॉक्टर काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"शुक्रवारी नेलं होतं," प्रसाद म्हणाला. "त्यांनी विचारलं, आज वार कोणता? आप्पा म्हणाले, हो, सुटलाय थोडा. विचारलं, पंतप्रधान कोण? तर म्हणे, प्रधान? ते तर मागच्या वर्षीच वारले." त्याला हसू आलं नाही. "डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिलीय. वयामुळे होतं म्हणाले. वाढत जातं म्हणाले."

"मग मेंदूच्या डॉक्टरांकडे ने. गावाला कशाला पाठवतोस? तिथे कुठला डॉक्टर आहे?"

"आणि तोपर्यंत? तू ठेवून घेशील?"

जयमालाची सासू दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. एक खोली आणि स्वयंपाकघर. प्रसादला हे माहीत होतं, आणि त्याला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं.

"हे तू बोललास ना, प्रसाद," ती म्हणाली, "हे तुझं बोलणं नाही. हे शिकवलेलं आहे."

"मी काही शिकवलेलं नाही, ताई," सुनयना म्हणाली. "पण मला भीती वाटते. खोटं कशाला बोलू? मी शाळेत उभी असते आणि माझा जीव इथे असतो."

जयमाला तरातरा गॅलरीत गेली. आप्पा खुर्चीत बसून खाली रस्त्याकडे बघत होते. तिनं खांद्याला हात लावल्यावर ते वळले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आलीस? बरं केलंस," ते म्हणाले. अलीकडे ते फार हळू बोलायचे, पुटपुटल्यासारखं.

"आप्पा, तुम्हाला तारळ्याला जायचंय का? भैरूदादाकडे? खरं सांगा."

आप्पांनी तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग हसले. "हो, हो," ते म्हणाले.

ती परत आली तेव्हा तिचं सगळं अवसान गेलं होतं. "हो म्हणाले," ती म्हणाली आणि सोफ्यावर टेकली. "पाठवा मग. त्यांनाच जायचंय."

प्रसादचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तसं काही झालं नाही. त्यानं पेपर उचलला आणि उलटा धरला.

*

गॅलरीत बसलेल्या आप्पांना, म्हणजे दिनानाथांना, एवढं कळलं होतं की चर्चा आपलीच चाललीय. जयू सकाळी सकाळी आली, चहाही न घेता बोलत राहिली, प्रसाद मान खाली घालून बसला. काचेच्या दारातून तिघांची तोंडं दिसत होती. सुनयनाचे ओठ त्यांना बरेच वाचता यायचे, ती शाळेत शिकवते म्हणून शब्द सुटे बोलते. जयू फार भरभर बोलते. तिनं आत्ता काहीतरी विचारलं, त्यात तारळं होतं. तारळ्याची आठवण काढली असेल, म्हणून ते हो म्हणाले. हो म्हटलं की माणसं पुढे जातात, हे त्यांना गेल्या काही वर्षांत समजलं होतं.

सुरुवात कधी झाली ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर एक गृहस्थ स्टिरिओ घेऊन आले. म्हणाले, डावीकडून खरखर येते. दिनानाथांनी तो लावला. खरखर नव्हतीच. तरी त्यांनी कंडेन्सर बदलले, सोल्डर पुन्हा मारलं, सेट परत दिला. दुसऱ्या दिवशी गृहस्थ परत हजर, खरखर तशीच. तिसऱ्या वेळी त्यांनी आपल्या पुतण्याला आणलं. पुतण्यानं स्पीकरजवळ कान नेला आणि म्हणाला, "काका, ही काय खरखर. रस्त्यावर ऐकू येतेय." तो हसला नव्हता, पण हसला असता तरी चाललं असतं.

पंचावन्न साली लालबागला मामांच्या दुकानात ते लागले तेव्हा रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. सेट लावला की आधी मिनिटभर तो तापायचा, मग गुणगुणायचा, आणि त्या गुणगुणीवरून मामा त्यांना विचारायचे, सांग काय गेलंय. हाताला विजेचे झटके बसले, पण कान तयार झाला. पुढे ट्रान्झिस्टर आले, माणसं ते खांद्याला लटकवून हिंडायला लागली. मग लाकडी शटरचे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, मग टेप, मग टू-इन-वन, मग रंगीत टीव्ही, मग व्हीसीआर. दर चार-पाच वर्षांनी नवीन काहीतरी येई आणि आजूबाजूचे दोन-तीन मेकॅनिक दुकान बंद करून घरी बसत. दिनानाथ बसले नाहीत. नवीन सेट आला की रविवारी तो उघडायचे, कागदावर नकाशा काढायचे आणि लावून ऐकत राहायचे. आतलं सामान बदललं तरी बिघाडाचा आवाज बदलत नाही, असं ते म्हणत.

आणि तेच ऐकू येईनासं झालं. चौऱ्याण्णवमध्ये त्यांनी दुकान देऊन टाकलं. विचारणाऱ्यांना सांगितलं, "आता कंपन्यांनी सेटमध्ये हात घालायला जागाच ठेवली नाही. बिघडलं की फेका, नवीन आणा." सगळ्यांनी मान हलवली. सगळीकडे तसंच होत होतं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

घरी सुरुवातीला ते टीव्हीचा आवाज वाढवायचे. सुनयना कमी करायची, ऋता झोपलेली असायची. त्यांनी पुन्हा कधी रिमोटला हात लावला नाही. मग एक दिवस जुनी युक्ती आठवली. मामा भायखळ्याच्या कारखान्यातलं मशीन असं तपासायचे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पेटीला टेकवायचं, मूठ दातात धरायची. त्यांनी तसं केलं आणि बातम्या थेट डोक्यात ऐकू आल्या, स्वच्छ, एकेक शब्द. कुणाला त्रास नाही, कुणाला सांगायला नको. गुरुवारीही ते बातम्याच ऐकत होते.

गुरुवारनंतर ते झोपले नव्हते. ऋता आत होती. सांगायलाच हवं होतं, हे त्यांना कळत होतं. पण सुरुवात कशी करायची ते सुचत नव्हतं.

*

जेवणाची वेळ झाली. सुनयना स्वयंपाकघरात एकटीच होती. चटणी करायची म्हणून तिनं डाळं आणि मिरच्या मिक्सरमध्ये घातल्या. तेवढ्यात आप्पा पाणी प्यायला आत आले. ओट्याजवळ तांब्या घेऊन उभे होते.

मिक्सर चालू करून, त्याच्या आवाजावर आवाज चढवत ती म्हणाली, "आप्पा, जरा खोबरं किसून द्याल का?"

"किती? अर्धी वाटी?" आप्पा म्हणाले.

"अर्धी पुरे!"

त्यांनी किसणी काढली. तिनं मिक्सर बंद केला. "बारीक किसा हं," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. आप्पांनी काही उत्तर दिलं नाही. तिला सवय झाली होती, म्हणून तिनंही लक्ष दिलं नाही. झाकण काढलं, मिरची वाटलेली बघितली, पुन्हा बटण दाबलं आणि ओरडली, "बारीक किसा!"

"बारीकच किसतोय."

सुनयनाचा हात बटणावरच राहिला.

ती आठवू लागली. बाजारात आप्पा भाजीवाल्याशी व्यवस्थित बोलतात. बसमध्ये शेजारच्या माणसाशी तासभर गप्पा मारतात. गणपतीत मंडपात लाउडस्पीकर चालू असताना सेक्रेटरींशी सोसायटीच्या टाकीवरून वाद घातला होता. फक्त घरात, शांत घरातच त्यांना काही समजत नाही. तिला वाटायचं मुद्दाम करतात. प्रसादला वाटलं डोकं चालत नाही. गोंगाट असला की सगळेच मोठ्यानं बोलतात, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

तिनं मिक्सर बंद केला. त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आप्पा."

ते किसत राहिले.

"आप्पा, आग लागलीय."

ते किसत राहिले. किस ताटलीत पडत होता, अगदी बारीक.

बहिरी माणसं मोठमोठ्यानं बोलतात, असं ती समजत होती. हे तर हळू बोलायचे. आणि ज्या माणसाच्या कानावर तीस वर्षं हे घर चाललं, त्याला ऐकू येत नसेल असं कोण कशाला मनात आणेल?

फ्रीजवर ऋताची वही होती. तिनं मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं, *तुम्हाला ऐकू येत नाही का?* आणि वही किसणीशेजारी ठेवली.

आप्पांनी वाचलं. हात पुसले. मग खुर्ची ओढून बसले.

"कळलं का शेवटी," ते म्हणाले. "बरं झालं. मला सांगता येत नव्हतं."

सुनयनाला तिथेच रडू फुटलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि हाक मारली, "अहो! ताई! इकडे या दोघं!"

*

प्रसादला आधी काही उमगेना. बायको रडतेय, आप्पा खुर्चीत बसलेत, ताई विचारतेय काय झालं, काय झालं. मग सुनयनानं मिक्सर चालू केला, बंद केला, पुन्हा चालू केला, आणि त्या दोघांना दाखवलं. जयमालाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्याच वेळी ती हसतही होती.

"म्हणजे वार कोणता, तर वारा सुटलाय!" ती म्हणाली. "अरे, तो माणूस उत्तर देत होता रे तुमच्या प्रश्नांना! जमेल तसं!"

ती आप्पांच्या अगदी समोर गेली आणि एकेक शब्द मोठ्यानं म्हणाली, "मघाशी मी विचारलं, तारळ्याला जायचंय का. तुम्ही हो म्हणालात!"

"जायचं? कुणी?"

"तुम्ही! कायमचे!"

आप्पांनी तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. "नाही," ते म्हणाले. "मला नाही जायचं. माझी नात इथे आहे."

प्रसाद दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्यानं विचारलं, "कधीपासून?"

आप्पांनी त्याचे ओठ वाचले. "त्र्याण्णव."

"त्र्याण्णव! आणि दुकान?"

"त्यापायीच दिलं. खरखर ऐकू येत नव्हती. न ऐकता सेट कसे दुरुस्त करणार? लोकांना फसवल्यासारखं झालं असतं."

"मग कंपन्यांनी जागा ठेवली नाही, ते?"

"काहीतरी सांगायला हवं होतं ना."

प्रसाद खाली बसला, ओट्याला पाठ लावून, फरशीवरच. ज्या वर्षी दुकान गेलं, त्याच वर्षी तो महाप्याच्या कारखान्यात लागला होता. टीव्हीचे बोर्ड तयार व्हायचे तिथे. आप्पांची इच्छा होती त्यानं दुकानात बसावं. तो नाही म्हणाला होता. पहिल्या वर्षीच कंपनीचा नवा सेट घरी आणला होता, मागचं झाकण सीलबंद. आणि महिन्याभरानं आप्पांनी दुकानाच्या चाव्या टेबलावर ठेवून म्हटलं होतं, कंपन्यांनी जागा ठेवली नाही. प्रसादला ते आपल्यालाच म्हटल्यासारखं वाटलं होतं. त्यानंतर आप्पा बोलेनासे झाले, विचारलेल्याला उत्तर देईनासे झाले, आणि त्यानं कधी पुन्हा विचारलं नाही. आप्पा आपल्यावर नाराज आहेत, ते बरोबरच आहे, असं धरून तो चालला होता.

"मला वाटलं तुम्ही माझ्यामुळे दुकान बंद केलं," तो म्हणाला. फरशीकडे बघत म्हणाला, त्यामुळे आप्पांना कळलं नाही.

"काय म्हणतोय?" आप्पांनी सुनेला विचारलं.

सुनयनानं वही ओढली आणि लिहून दाखवलं. आप्पांनी चष्मा सरळ करून वाचलं, पुन्हा वाचलं.

"वेडा आहे का," ते म्हणाले. "तू दुकानात आला असतास तर सगळ्यात आधी तुला कळलं असतं, म्हाताऱ्याचा कान गेला. तू आला नाहीस म्हणून मी सुटलो."

जयमाला मोठ्यानं हसली. मग सुनयनाही. प्रसाद हसला नाही, पण त्यानं दोन्ही हातांनी चेहरा चोळला आणि उठला तेव्हा खांदे सैल झाले होते.

"एक वर्ष बोलला नाहीत, ठीक आहे," तो आप्पांच्या समोर उभं राहून ओरडला. "पण चार वर्षं? गुरुवारी काय झालं असतं?"

"माहीत आहे," आप्पा म्हणाले. "ते माझं चुकलं. तेवढं एकच मोठं चुकलं."

मग जयमाला सुनयनाकडे वळली. "सकाळी मी तुला नको ते बोलले."

"मीपण काही कमी नाही, ताई. जाऊ दे. चटणीत मीठ घालायचं राहिलंय."

*

बुधवारी प्रसादनं अर्धी रजा टाकली आणि तिघं वाशीला कानाच्या डॉक्टरांकडे गेले. एका छोट्या बंद खोलीत आप्पांना हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मग कानामागच्या हाडावर एक चकती ठेवून तेच पुन्हा केलं, आणि आता आप्पा भराभर बटण दाबत सुटले. बाहेरून काचेतून बघणाऱ्या सुनयनाला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की सगळं ऐकू येतंय.

डॉक्टरांनी कागद पुढे ठेवला. "आतली नस उत्तम आहे. कानात तीन बारीक हाडं असतात, त्यातलं एक आखडलंय. म्हणून हवेतून आलेला आवाज आत पोहोचत नाही. हाडातून गेला तर पोहोचतो. स्क्रू ड्रायव्हरचं यांना कुणी शिकवलं?"

"त्यांच्या मामांनी," प्रसाद म्हणाला.

"मामा हुशार होते. मशीन लावू या. पुढेमागे ऑपरेशनही करता येईल. आणि त्या मेंदूच्या चिठ्ठीची गरज नाही. याहून तल्लख माणूस या महिन्यात माझ्याकडे आला नाही."

प्रसाद एकदम उठून बाहेर गेला, पाणी पिऊन आला.

मशीन कानामागे बसणारं होतं, शेंगदाण्याएवढं. दवाखान्यातल्या मुलीनं ते लावलं तशी एक बारीक शिट्टी वाजली. आप्पांनी हात वर केला. "फीडबॅक. साचा नीट बसला नाही. थोडा आत दाबा." मुलीनं दाबला. शिट्टी थांबली.

"आता कसं वाटतंय, आजोबा?" तिनं विचारलं.

आप्पांनी पंख्याकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. आपल्या सदऱ्याची बाही दोन बोटांनी चोळली आणि ऐकली. मग प्रसाद पुढे वाकून, गेल्या चार दिवसांच्या सवयीनं, ओरडला, "आप्पा! ऐकू येतंय का?"

"हळू बोल," आप्पा म्हणाले. "दवाखाना आहे."

परत येताना प्रसाद औषधांच्या दुकानात मशीनचे सेल घ्यायला थांबला. सुनयना आणि आप्पा बाहेर कट्ट्यावर बसले. दुपारचं ऊन होतं, समोरून बस जात होत्या, आणि आप्पा प्रत्येक आवाजाला मान वळवत होते.

सुनयनाच्या मनात रविवारपासून एक गोष्ट घोळत होती. विचारायचं धाडस होत नव्हतं. आता नाही विचारलं तर कधीच होणार नाही, असं तिला वाटलं.

"आप्पा," ती म्हणाली, नेहमीच्या आवाजात, आणि ते लगेच वळले. तिला त्याचंच नवल वाटलं. "या चार वर्षांत मी स्वयंपाकघरात... तुमच्या मागे... बरंच काही बोललेय. रागाच्या भरात. तोंडाला येईल ते. तुम्ही त्यातलं काही..."

"नाही," आप्पा म्हणाले. "पाठ असली की मला काही कळत नाही. एक अक्षर ऐकलं नाही."

"खरंच?"

"खरंच. पण हातवारे दिसायचे." "भांडी फार आपटायचीस, एवढं कळायचं. फरशीतून धक्का यायचा."

सुनयनानं तोंडावर हात घेतला. मग तिला हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आप्पा बाजूला बसून मान किंचित कलती करून ते ऐकत होते.

"हे असं हसतेस होय तू," ते म्हणाले.